बकरा सगळ्यांना दिसतो, कुर्बानी कुणालाच दिसत नाही

यंदा बकरी ईद मे महिन्याच्या अखेरीस येते आहे, म्हणजे ऐन अधिक महिन्यात. इकडे जावयाच्या अनारशांची तयारी आणि तिकडे ईदची. छान चित्र आहे. पण आपल्या कुळगाव-बदलापूरच्या ग्रुपांवर आत्तापासूनच दोन प्रकारचे फॉरवर्ड सुरू झालेत. एका प्रकारात बकऱ्याचे पाणावलेले डोळे आणि खाली "हा कसला सण?" असा सवाल. दुसऱ्या प्रकारात लाखो रुपयांच्या बकऱ्याचं रील, मागे ढिंच्याक गाणं, बकऱ्याच्या गळ्यात हार आणि मालकाच्या डोळ्यावर गॉगल.

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. अर्धी वाचून कमेंट करणाऱ्यांनी निदान तेवढं कमेंटमध्ये लिहा.

या दोन्ही फॉरवर्डवाल्यांना एकच गोष्ट दिसते आहे, बकरा. एकाला त्याची दया दाखवायची आहे, दुसऱ्याला त्याची किंमत. कुर्बानी म्हणजे काय, ती हजशी का जोडलेली आहे, यात दोघांनाही काडीचा रस नाही. आणि मग ईदच्या आदल्या रात्री एखाद्या सोसायटीच्या गेटवर दीडशे माणसं जमतात, पोलिसांची गाडी येते, आणि सकाळी आम्हा पत्रकारांना बातमी मिळते. मला ही बातमी नको आहे.

मीरा रोडला २०२३ साली काय झालं ते आठवा. एका रहिवाशाने ईदसाठी बकरे सोसायटीत आणले म्हणून आवारात जमाव जमला, हनुमान चालीसा म्हटली गेली, पोलीस आले. त्याच आठवड्यात दक्षिण मुंबईतल्या एका सोसायटीचं प्रकरण थेट उच्च न्यायालयात गेलं आणि ईदच्या आदल्या संध्याकाळी तातडीने सुनावणी झाली. कोर्टाने सांगितलं ते साधं होतं. पालिकेची परवानगी नसलेल्या जागी कत्तल होणार नाही हे पालिकेने बघावं, लागलं तर पोलिसांनी मदत करावी. म्हणजे प्रश्न जागेचा होता, परवान्याचा होता. आपण त्याचा धर्मयुद्धाचा प्रश्न करून टाकला.

पुढच्या वर्षी, २०२४ ला, बेलापूरला एका मटणाच्या दुकानातल्या बकऱ्याच्या अंगावर 'राम' असं रंगवलेलं आढळलं आणि दुकानदारावर गुन्हा दाखल झाला. झाला ते योग्यच झालं. दुसऱ्याच्या देवाचं नाव जनावरावर रंगवायला कुठला धर्म सांगतो? पण त्याच वेळी कातडीवर नैसर्गिकरीत्या 'अल्लाह' उमटलंय म्हणून एखाद्या बकऱ्याचा भाव लाखांवर नेणारा व्यापारी आणि तो विकत घेऊन फोटो काढणारा धनिक, यांना कोणी विचारलं का, की बाबांनो, देवाच्या नावाचा हा लिलाव कुठल्या किताबात बसतो?

आता मूळ गोष्टीकडे येतो. आपल्यातल्या बऱ्याच हिंदू मित्रांना ही गोष्ट अर्धीच माहीत असते, आणि माफ करा, बऱ्याच मुसलमान पोरांनाही.

हजरत इब्राहिमला स्वप्नात हुकूम होतो की तुझा मुलगा कुर्बान कर. म्हातारपणी, नवसासायासाने झालेला मुलगा. इस्लामी परंपरा त्याचं नाव इस्माईल सांगते. बायबलमध्ये हीच गोष्ट आयझॅकच्या नावाने आहे. बाप मुलाला जबरदस्तीने ओढत नेत नाही, त्याला विचारतो. मुलगा तयार होतो. वाटेत सैतान अडवतो, भुलवतो, आणि त्याला दगड मारून हाकललं जातं. शेवटच्या क्षणी मुलाच्या जागी जनावर येतं. हज यात्रेत मिनाच्या मैदानात जे तीन खांबांना खडे मारतात ते याच आठवणीचे. आणि त्याच दिवशी, जिल्हज महिन्याच्या दहाव्या दिवशी, तिथे कुर्बानी होते, डोक्याचे केस उतरवले जातात. जगभरातले जे मुसलमान हजला जाऊ शकत नाहीत ते आपापल्या गावात तोच दिवस पाळतात. ती बकरी ईद. म्हणजे ईदचा बकरा हा हजच्या साखळीतला एक दुवा आहे. साखळी सोडून नुसता दुवा हातात घेतला की उरतं फक्त मटण.

कुराणात 'हज' याच नावाचा एक अध्याय आहे, बाविसावा. त्यात स्पष्ट म्हटलंय की जनावराचं मांस किंवा रक्त देवाकडे पोहोचत नाही, पोहोचते ती माणसाच्या मनातली तक्वा, म्हणजे देवाची जाणीव ठेवून वागणं. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, कुठल्याही मौलानांना विचारा. अहो, जे पोहोचतच नाही त्याच्या किमतीचं रील कशाला?

हजचे नियम बघा, म्हणजे हा रोख आणखी कळेल. पुरुषाने अंगावर न शिवलेल्या दोन पांढऱ्या चादरी घ्यायच्या, एहराम. करोडपती असो की हमाल, सारखंच. त्या अवस्थेत शिकार करायची नाही, नखं-केस कापायचे नाहीत, भांडायचं नाही, शिवी द्यायची नाही. ज्या यात्रेच्या शेवटी कुर्बानी आहे, त्याच यात्रेत त्याआधी साधी शिकारही मना आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. यात जीव घेण्याची हौस कुठेच नाही, आहे ती फक्त आज्ञेपुढची शिस्त. कुर्बानीच्या रीतीतही तेच. जनावरासमोर सुरीला धार लावू नये, एका जनावरासमोर दुसरं कापू नये, त्याला तहानलेलं ठेवू नये. आता या नियमांच्या शेजारी ईदच्या सकाळी गल्लीत मोबाईल उंच धरून शूटिंग करणारी पोरं ठेवून बघा.

आणि ती सफा-मरवा या दोन टेकड्यांमधली धावपळ. हाजी सात फेऱ्या घालतात. कुणाच्या आठवणीत? हाजराच्या. वाळवंटात तान्ह्या पोराला पाणी मिळावं म्हणून सैरावैरा धावणाऱ्या एका आईच्या. लाखो पुरुष दरवर्षी एका बाईच्या पावलावर पाऊल टाकून धावतात, तेव्हा त्यांचा हज पुरा होतो. भारतातून २०१८ पासून पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना मेहरम, म्हणजे घरचा पुरुष, सोबत नसताना गटाने हजला जाता येतं. त्यावर नाकं मुरडणारे आपल्याकडेही होते. त्यांना माझा एकच प्रश्न आहे, हाजरासोबत त्या वाळवंटात कोण होतं?

पूर्वेला टेलरिंगचं दुकान असलेले एक चाचा कोरोनाच्या आधी हजला जाऊन आले. नाव देत नाही, त्यांना आवडणार नाही. जाण्याच्या दोन महिने आधी त्यांनी उधारीची वही काढली आणि देणं होतं ते चुकतं केलं. मग घरोघर फिरले, "कहा-सुना माफ करना" म्हणत. ज्या शेजाऱ्याशी नळाच्या पाण्यावरून चार वर्षं बोलणं बंद होतं, त्याच्याही दारात गेले. तो शेजारी आगरी. तो म्हणाला, "चाचा, तुम्ही कशाला आलात, मीच येणार होतो." येणार नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. असो. परत आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, "पत्रकार साहेब, जिंदगीभर लोकांच्या कपड्यांना खिसे शिवले. तिथे दोन चादरींत उभा राहिलो तर खिसाच नाही." आता लोक कमरेला पैशांचा पट्टा बांधतात हो, तो भाग वेगळा. पण त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं.

याच शहरात मी स्टेशनबाहेर 'हाजीसाहेबांचे हार्दिक स्वागत' असे वीस वीस फुटी फ्लेक्सही बघितलेत, खाली शुभेच्छुकांच्या तीन रांगा. हज आयुष्यात एकदा फर्ज आहे, तेही ऐपत असलेल्याला, कर्ज फेडून, घरच्यांची सोय लावून. याच ऐपतीच्या अटीचा आधार घेत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली हजचं अनुदान दहा वर्षांत बंद करायला सांगितलं होतं, आणि सरकारने ते २०१८ मध्येच बंद केलं. मुसलमानांमधल्या बऱ्याच जाणत्यांनी तेव्हा या निर्णयाचं स्वागतच केलं होतं, हे मात्र 'सरकारी पैशाने हज' असले फॉरवर्ड अजून फिरवणाऱ्यांना कोणी सांगत नाही. सात-आठ वर्षं झाली हो बंद होऊन!

ऐपत या शब्दाची दुसरी बाजू २०२४ च्या हजने दाखवली. मक्केत पारा पन्नासच्या वर गेला, तेराशेवर माणसं दगावली, त्यातली बहुतेक अधिकृत परवान्याशिवाय आलेली, म्हणजे त्यांना ना वातानुकूलित तंबू, ना बस. भारतातलेही ९८ यात्रेकरू गेले. स्वस्तात नेतो म्हणून भोळ्या माणसांना गाठणारे एजंट हे या यात्रेतले खरे सैतान. खडे त्यांनाही मारा की.

आता इकडच्या बाजूने बोलतो, म्हणजे आमच्या.

"मुक्या जनावराचा बळी" म्हणून हळहळणाऱ्या मित्रांनो, रविवारी सकाळी बदलापुरात मटणाच्या दुकानांसमोर रांगा कुणाच्या असतात? मीही त्यातच असतो पिशवी घेऊन. आखाडात, गटारीला काय होतं? कार्ल्याच्या एकवीरेला आपली निम्मी आगरी-कोळी मंडळी नवसाचं बोकड घेऊन जातात, जत्रेच्या मटणाचं आमंत्रण आलं की नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही. तेव्हा बोकडाचे डोळे पाणावत नाहीत का? जे शुद्ध शाकाहारी आहेत, वारकरी आहेत, माळकरी आहेत, त्यांना हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. गाडगेबाबांना होता. त्यांनी जत्रेतल्या पशुहत्येविरुद्ध हातात खराटा घेऊन आयुष्यभर लोकांना झोडपलं, आणि ते आपल्याच लोकांना झोडपत होते. आधी आपल्या अंगणात झाडू मारला. तुमची दया मात्र कॅलेंडर बघून एकाच दिवशी जागी होते.

यात्रेतली गर्दी आणि बळी यांचा आपला अनुभवही काही लांबचा नाही. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, जवळपास तीनशे माणसं मेली. त्यानंतर तिथे पशुबळीवर बंदी आली, रस्ते-पायऱ्या बदलल्या. २०१५ ला मिनात चेंगराचेंगरी झाली, तिथेही व्यवस्था बदलावी लागली. माणूस सगळीकडे सारखाच चेंगरतो. आणि तोडगाही सगळीकडे व्यवस्थेतूनच निघतो, घोषणांतून नाही.

तिसरा एक वर्ग आहे, "बकऱ्याच्या आकाराचा केक कापा" असं सांगणारा. बाहेरून सांगितलेल्या त्यागाला त्याग म्हणत नाहीत, त्याला सक्ती म्हणतात. पण आतून बोलणाऱ्यांचं ऐकायला हवं, आणि ते महाराष्ट्रात कायम बोलत आलेत. हमीद दलवाईंनी २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्या मंडळाचे कार्यकर्ते गेली काही वर्षं बकरी ईदला रक्तदानाचं आवाहन करतात. तुम्हाला पटो न पटो, रक्त देण्याचा तो एक वेगळा अर्थ त्यांनी मांडलाय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पुरात बुडालं होतं आणि नेमकी त्याच वेळी ईद आली. कित्येकांनी ईद साधेपणाने केली, कुर्बानीचे पैसे पूरग्रस्तांना दिले. त्याच्या पंधरा दिवस आधी आपल्याकडे उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारभर प्रवाशांसह अडकली होती, त्यामुळे पूर म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. मोरोक्कोसारख्या मुस्लिम देशात २०२५ साली राजाने स्वतःच लोकांना आवाहन केलं की दुष्काळाने मेंढ्या घटल्यात, यंदा कुर्बानी करू नका, सगळ्यांच्या वतीने मी करतो. १९९६ ला त्याच्या वडिलांनीही हेच केलं होतं. तिथे कुणाचा धर्म बुडाला नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, जी आपल्या भागासाठी महत्त्वाची आहे. कल्याण, भिवंडी, कोकणपट्टीतले जुने कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. उत्तरेकडून आलेले बहुतेक हनफी. हनफींमध्ये ऐपत असलेल्यावर कुर्बानी वाजिब, म्हणजे बंधनकारक. शाफईंमध्ये ती सुन्नत, म्हणजे केली तर फार चांगलं, पण न केल्याचं पाप नाही. एकाच मोहल्ल्यात दोन मतं शेकडो वर्षं शेजारी नांदली. एवढी लवचिकता ज्या धर्मशास्त्रात आहे, त्याला मुळातच कडवं म्हणणारे आणि त्याला कडवं करू पाहणारे, दोघेही एकाच माळेचे मणी.

२०२२ ला १० जुलै आणि २०२३ ला २९ जून, सलग दोन वर्षं आषाढी एकादशी आणि बकरी ईद एका दिवशी आली. येणारच होती, कारण दोन्ही चंद्राच्या वाढत्या पक्षातल्या, दहाव्या-अकराव्या दिवसाच्या. फरक एवढाच की आपण अधिक महिना धरतो, इस्लामी कालगणना धरत नाही. २०२३ चा अधिक श्रावण आला आणि दोन्ही सण पुन्हा लांब गेले. त्या २०२३ ला छोटं पंढरपूर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाळूज परिसरासह राज्यात अनेक गावांत मुसलमानांनी ठरवलं की एकादशीला कुर्बानी नको, कुर्बानीला पुढचे दिवस असतातच. कुणी मोर्चा काढला नव्हता, कुणी कोर्टात गेलं नव्हतं. बैठक झाली, चहा झाला, ठरलं. माझ्या मते त्या वर्षीची महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी कुर्बानी ती होती. आपल्या हक्काचा दिवस शेजाऱ्यासाठी सोडणं. बातमी कितव्या पानावर होती, विचारू नका.

त्याच्या उलट उदाहरण २०२५ चं. राज्याच्या गोसेवा आयोगाने ईदच्या तोंडावर ३ ते ८ जून जनावरांचे बाजार भरवू नका असं पत्र बाजार समित्यांना काढलं. ओरड झाल्यावर ते मागे घ्यावं लागलं. गोवंश हत्येला राज्यात २०१५ पासून बंदी आहेच, त्यावर वाद नाही. पण बाजार बंद म्हणजे शेळ्या-बोकडांचाही बंद. नुकसान कुणाचं? मुरबाड-शहापूरकडची बाई वर्षभर दोन बोकड वाढवते ते याच आठवड्यासाठी. त्या पैशात पोरांची वह्या-पुस्तकं येतात, बियाणं येतं. ती बहुधा हिंदू असते, आदिवासी असते, कुणबी असते. ईदचा बाजार हा तिच्याही घरचा सण असतो.

आणि आपल्या माथ्यावर तो गड आहेच. मलंगगड. हाजी अब्दुल रहमान मलंग, नावातच हाजी. तिथली वहिवाट कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे, यात्रा माघ पौर्णिमेला. तिथल्या खटल्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत निकाल झाले. तरी दर निवडणुकीत कुणाला तरी तो गड 'मुक्त' करायचा असतो. गड कुणाचा, हा वाद कोर्टात चालू दे. पण श्रीमलंग म्हणा की हाजीमलंग, चढताना दम दोघांनाही सारखाच लागतो आणि वाटेत लिंबूपाणी एकाच टपरीवर पितात.

तर आता मुद्द्याचं. ईदच्या आधी शांतता समितीची बैठक होईल. दरवर्षीप्रमाणे सगळे एकमेकांना गुलाबाचं फूल देतील, फोटो काढतील, घरी जातील. यंदा तिथे मी काही प्रश्न विचारणार आहे, तुम्हीही विचारा. कुर्बानीसाठी मान्य जागा कुठल्या, त्याची यादी पालिका लेखी कधी जाहीर करणार? आदल्या रात्री नाही, आठ-दहा दिवस आधी. तिथे पाण्याचा टँकर, पशुवैद्यक, आणि दिवसातून किमान तीन वेळा कचऱ्याची गाडी येणार का? सोसायट्यांनी आणि रहिवाशांनी आत्ताच, शांत डोक्याने, बकरा आवारात किती दिवस ठेवायचा आणि कुठे, हे लेखी ठरवलं का? ज्यांना जागा नाही त्यांच्यासाठी मशिदींच्या जमाती एकत्र सोय करणार का?

मशिदींच्या कमिट्यांना एक वेगळी विनंती. जुम्म्याच्या नमाजनंतर पोरांना सांगा, कापतानाचा व्हिडिओ नाही, रस्त्यावर रक्त नाही, आणि मटणाचा तिसरा हिस्सा खरंच गरिबाकडे जातोय का ते बघा. तीन वाटे करण्याची रीत आहे, एक घरचा, एक नातेवाईक-मित्रांचा, एक गरिबांचा. डीप फ्रीजर आल्यापासून तिसरा वाटा बारीक झालाय, असं मी नाही, पश्चिमेला झोपडपट्टीत राहणाऱ्या एका खालाजान म्हणाल्या.

पोलीस ठाण्यातून बैठकीची तारीख कळली की इथेच टाकतो. कमेंटमध्ये वाद घाला, हरकत नाही. शिवीगाळ केलीत तर डिलीट करणार, मग तो 'भाऊ' असो की 'भाई'.